जोर कुठून जातो

घणाचा घाव बघायला माणसं थांबतात. घण उचलायचा नाही असं ठरवणाऱ्याकडं कोणी बघत नाही. ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे अवजाराला इंजिनचा जोर देणाऱ्या मागच्या दांड्यावर, गंजून बसलेलं शाफ्टचं कपलिंग सोडवायचं कसब मात्र या न उचललेल्या घणातच असतं. हे काम ‘निघालं का?’ एवढ्या एकाच प्रश्नावर जोखलं, तर पहारीनं उपटणारा आणि हातानं सोडवणारा दोघेही सारखेच पास होतात. त्यांच्यातला फरक कळायला काम ओळीनं वाचावं लागतं. जोर कुठं लावला, लोखंडातून तो कुठून कुठं गेला आणि वाटेतल्या कोणत्या भागाला त्यानं हात लावला नाही, हे बघावं लागतं.

बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला जाणारा रस्ता आषाढात तुकोबांच्या पालखीचा असतो आणि गाळप हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांचा. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी इथल्या कारखान्यांची धुराडी पेटली, की इथला ट्रॅक्टर दिवाळीपासून होळीपर्यंत ट्रॉल्या ओढतो. त्याआधी त्याच्यामागं रोटर, म्हणजे रोटाव्हेटर, असतो. रोटर सोडला की शाफ्ट दोन्हीकडून काढावा, पुसावा आणि पत्र्याखाली टांगावा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ट्रॅक्टरकडची बाजू जरा घट्ट लागली की शॉर्टकट सुचतो. शाफ्टच्या दोन नळ्या एकीत एक सरकणाऱ्या असतात, त्या ओढून वेगळ्या करायच्या, रोटरकडची नळी रोटरसोबत बांधावर सोडायची आणि ट्रॅक्टरकडची तारेनं वर बांधून कारखान्याची वाट धरायची. हंगाम असा निघून जातो. मग ऊस तुटतो, खोडव्यासाठी पाचटाची कुट्टी करायला भाड्याचं मशीन येतं, ते आपला शाफ्ट सोबत घेऊन येतं, आणि पीटीओवर जागाच नसते. तिथं जुनं अर्धं धूड बसलेलं असतं आणि हलायला तयार नसतं.

मी ज्या कामाचं रसग्रहण करतोय ते याच रस्त्यालगतच्या एका गॅरेजपुढं, अशाच एका ट्रॅक्टरवर झालेलं आहे.

आधी वस्तू नीट बघू. ट्रॅक्टरच्या मागून बाहेर आलेलं पीटीओचं टोक म्हणजे ३५ मिलिमीटर जाडीचा, सहा खाचांचा दांडा. त्यावर शाफ्टचा योक चढतो. योकच्या पोटात त्याच सहा खाचा उलट्या कोरलेल्या असतात, म्हणून दांडा फिरला की योक फिरतो. योकच्या दोन कानांत क्रॉस बसतो आणि क्रॉसच्या चारही टोकांवर बारीक रोलरांची बेअरिंग असतात. दांड्यावर गोल गाळा असतो, त्यात योकचा स्प्रिंगवरचा खटका पडतो आणि योक मागं सरकत नाही. इंजिन ठरलेल्या वेगावर आलं की हे सगळं मिनिटाला ५४० फेरे घेतं. मापं ठरलेली असल्यामुळं एका कंपनीचा ट्रॅक्टर दुसऱ्या कंपनीचं अवजार बिनतक्रार चालवतो.

अमेरिकेतल्या कृषी अभियंत्यांच्या संस्थेनं पीटीओचं पहिलं मानक ठरवलं ते १९२७ साली. तेव्हा वेग ५३६ धरला होता, पुढं तो ५४० झाला. त्याच १९२७ साली इंग्लंडमध्ये टॉमलिन्सन नावाच्या संशोधकानं, एकमेकांना टेकून असलेले पोलादी भाग गंजतात कसे, यावर निबंध प्रसिद्ध केला. कोणताही दांडा कोणत्याही योकमध्ये बसावा अशी सोय एकीकडं होत होती आणि एकदा बसल्यावर ते एकमेकांना का सोडत नाहीत याचा शोध दुसरीकडं लागत होता.

ते कारण असं. दोन भाग घट्ट बसलेले असले तरी त्यांच्यात डोळ्याला न दिसणारी हालचाल चालू असते. तिनं पृष्ठभागाचे कण सुटतात आणि हवा लागून त्यांची तांबूस भुकटी होते. ही भुकटी मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागते. बाहेर पडायला वाट नसते, म्हणून ती खाचांतच दाटते. आता तारेनं बांधलेला तो अर्धा शाफ्ट डोळ्यांपुढं आणा. तो काही काम करत नाही, पण भरल्या ट्रॉल्यांमागून ट्रॉल्या ओढल्या जाताना महिनोन्महिने थरथरत राहतो. भुकटी व्हायला याहून सोयीची जागा कुठली? त्यात रोटर भिजल्या रानात चालवलेला, म्हणजे खाचांच्या तोंडाशी काळी माती आलीच. नीरा डाव्या कालव्याचं पाणी या पट्ट्यात १८८०च्या दशकापासून खेळतंय. त्या पाण्यानं रानं हिरवी केली आणि काही जमिनी चोपणही केल्या. क्षाराची ओल लोखंडाला लवकर खाते. जुनं ग्रीसही धूळ पिऊन केव्हाच वाळलेलं असतं.

म्हणजे अडकलेलं कपलिंग हा एकच एक अडथळा नसतो. खटका, माती, वाळलेलं ग्रीस आणि गंज असे त्याचे थर असतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा असतो. घणाला हे थर वेगळे दिसत नाहीत.

मालक घाईत होता. भाड्याचं मशीन दारात उभं होतं.

“मिस्त्री, घाला की एक घण. किती येळ बघत बसायचं?”

“घालतो की, नाना. कुठं घालू तेवढं सांगा.”

माझ्या मते या सगळ्या कामाची किल्ली या उत्तरात आहे. वरवर ती थट्टा वाटते. पण खरंच, घालायचा कुठं? मागून दांड्याच्या टोकावर घातला तर घाव दांड्यातून थेट ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समधल्या बेअरिंगवर जातो आणि टोक फुलून योक कायमचा कोंडला जातो. योकच्या कानांवर घातला तर कान वाकतात आणि बेअरिंगच्या वाट्यांत रोलरांचे व्रण उठतात. ते आज दिसत नाहीत, पुढं शाफ्ट फिरताना खडखड करून सांगतात. नळीवर घातला तर नळी चेपते आणि जोडीची नळी तिच्यात सरकत नाही. साखळी लावून दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढायचा उपाय या भागात फार लोकप्रिय आहे. त्यात ताण बसतो तो पुन्हा त्याच गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर, आणि नशीब फिरलं तर ऑइल सीलमधून तेल टपकायला लागतं. नानांनी चारही जागा मनात चाचपल्या असाव्यात, कारण ते काही बोलले नाहीत.

मग काम सुरू झालं, तेही हत्याराविना. इंजिन बंद करून चावी मिस्त्रीनं स्वतःच्या खिशात घातली. पीटीओचा लिव्हर न्यूट्रलला घेतला, चाकांपुढं दगड लावले, लिफ्टचे हात खाली सोडले. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९. सात सेंटिमीटर जाडीच्या शाफ्टचा घेर बावीस सेंटिमीटर धरला, तर एका सेकंदात जवळजवळ दोन मीटर कापड त्याच्याभोवती गुंडाळलं जातं. ओरडायलाही सवड मिळत नाही. मिस्त्रीनं यातलं काही बोलून दाखवलं नाही. चावी खिशात गेली, त्यातच सगळं आलं.

पुढं त्यानं तार सोडली आणि लोंबणाऱ्या नळीखाली लाकडाचा ठोकळा दिला. बघणाऱ्याला ही किरकोळ आवराआवर वाटेल. नळीच्या वजनानं योक तिरका ओढला जात होता आणि तिरका योक खाचांत आणखी रुततो. आता तो सरळ झाला. रोटर जोडलेला असता तर शाफ्टमधला पीळ मोकळा करायला रोटर पुढंमागं हलवावा लागला असता. इथं रोटर नव्हता, म्हणून मिस्त्रीनं ती पायरी गाळली. पाठ केलेला माणूस सगळ्या पायऱ्या म्हणून दाखवतो. समजलेला माणूस पुढ्यातल्या कामाला लागतील तेवढ्याच घेतो.

नंतर खटका. बारीक तारेनं त्याच्याभोवतीची माती उकरली, डिझेलचे थेंब सोडले, अंगठ्यानं दाबून पाहिलं. हलला नाही. मग छोटा पंच टेकवून हलक्या हातोडीनं टिचकी मारावी तसं मारलं, पुन्हा डिझेल, पुन्हा तसंच. खटका आत गेला आणि गाळा मोकळा झाला. या कामात सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. खटका गाळ्यात असताना कितीही ओढा, सगळा जोर तो खटका कापण्यात जातो. काही शाफ्टांना खटक्याऐवजी आडवा बोल्ट असतो. तो नुसता ढिला करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण तो गाळ्यातूनच आरपार गेलेला असतो. नट सैल करून दिवसभर हातोडा मारणारे लोक मी पाहिले आहेत.

मग तेल. डिझेलमध्ये पातळ स्टिअरिंग ऑइल मिसळून केलेलं. योकच्या मागच्या कडेनं आणि खटक्याच्या भोकातून ते थोडं थोडं सोडायचं, शाफ्ट तिसरा हिस्सा फिरवायचा, पुन्हा सोडायचं. केशाकर्षणानं पातळ तेल स्वतःहून फटीत चढतं. फट जितकी अरुंद तितकी त्याची ओढ जास्त. पण या ओढीला वेळ लागतो आणि तो विकत मिळत नाही.

“आता सकाळी बघू.”

“आन् मशीन?”

“मशीनला चहा पाजा.”

रात्रभर थांबणं हा इथं कामातला खंड नव्हता. त्या रात्रीत सगळ्यात अवघड वाटचाल तेलानं केली, आणि मिस्त्रीचं श्रेय एवढंच की तो मध्ये आला नाही.

सकाळी दोन हातोडे बाहेर आले. जड हातोडा त्यानं योकच्या एका अंगाला टेकवून धरला आणि समोरच्या अंगावर हलक्या हातोडीनं ठोकायला लागला. कानांपासून दूर, योकच्या जाड गळ्यावर, थोडं फिरवत, पुन्हा थोडं फिरवत. घाव योकच्या अंगातून आरपार जाऊन टेकवलेल्या हातोड्यात संपतो. दांड्याला आणि गिअरबॉक्सला त्यातलं फार थोडं पोचतं, गंजाच्या थराला मात्र तडे जातात. घाव घालायला जागा आहे का, या कालच्या प्रश्नाचं उत्तर आज असं मिळालं. जागा आहे, पण घावाला पलीकडं थांबा दिला तरच. ठोकण्याचा आवाज आधी बद्द होता. हळूहळू तो मोकळा, खणखणीत झाला आणि योकच्या कडेवर तांबडं तेल पाझरलं. तेल एका बाजूनं जाऊन दुसऱ्या बाजूला गंज घेऊन आलं, याची ती पावती होती.

तरीही योक निघाला नाही. इथं मिस्त्रीनं घेतलेला निर्णय मला या कामातला सर्वांत सुंदर वाटतो. त्यानं क्रॉस काढायला घेतला. सर्कलिप काढल्या, वाट्या दाबून बाहेर घेतल्या, आणि नळीसकट सगळं धूड वेगळं केलं. पीटीओवर आता एकटा योक उरला. क्रॉस बाहेर निघताना खराब होणार हे त्याला माहीत होतं. पण क्रॉसचा संच तालुक्याच्या कोणत्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. पीटीओचा दांडा बदलायचा तर ट्रॅक्टरचं मागचं पोट उघडावं लागतं. वाचवायचं काय आणि सोडायचं काय याचा हिशेब त्यानं हातोडा उचलण्याआधीच केला होता.

क्रॉस गेल्यावर योकच्या पोटातून दांड्याचं टोक पूर्ण उघडं झालं. त्या टोकाच्या मधोमध खरादाच्या वेळची लहान खळी होती. त्या खळीत पुलरच्या स्क्रूचं टोक आणि पुलरचे पंजे योकच्या ट्रॅक्टरकडच्या कडेला. आता स्क्रू आवळला की पंजे योकला मागं ओढतात आणि स्क्रू त्याच जोरानं दांड्याला पुढं रेटतो. दोन्ही जोर योक आणि दांडा यांच्यातच फिरून संपतात, गिअरबॉक्सला त्यांची खबरही लागत नाही. साखळीनं ओढण्यात आणि पुलरनं ओढण्यात जोराचा फरक असेल-नसेल, वाटेचा फरक मात्र पूर्ण आहे. मोठ्या कारखान्यांत जड कपलिंग काढायला हायड्रॉलिक पुलर वापरतात, त्यांच्याही मुळाशी हेच तत्त्व आहे. याच इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला साखर कारखान्यांची अवजड यंत्रं घडली आणि इस्रोच्या अग्निबाणांचे भाग तयार होतात. तिथल्या अभियंत्याला हा पुलर जुना वाटेल, पण त्यामागचा विचार परका वाटणार नाही.

स्क्रू ताणून ठेवला आणि योकच्या गळ्यावर एक टोला दिला. काही नाही. मग शेवटचा उपाय, आग. कापडानं सगळं तेल टिपून घेतलं, ऑइल सीलवर ओलं फडकं गुंडाळलं, वाळूची घमेली जवळ ओढली आणि गॅसची बत्ती योकच्या बाहेरच्या अंगावर झपझप फिरवली. तापल्यावर भोक आकसेल असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ते मोठं होतं. ३५ मिलिमीटरचं भोक १५० अंशांनी तापलं की जेमतेम सहा शतांश मिलिमीटर वाढतं, माणसाच्या केसाच्या जाडीएवढं. एवढं पुरतं, पण योक तापला आणि दांडा अजून गार आहे तोवरच. हळूहळू तापवत बसलं तर दोन्ही तापतात, दोन्ही वाढतात आणि हाती काही लागत नाही. रात्रभर थांबलेला माणूस इथं एकदम चपळ झाला. योक लाल मात्र त्यानं होऊ दिला नाही. लाल झालेल्या पोलादाचं पाणी उतरतं आणि सुटलेला योक पुढच्या हंगामात भाराखाली फाटतो.

बत्ती बाजूला, एक टोला, आणि टक्. योक दोनचार मिलिमीटर सरकला.

नाना उठून उभे राहिले. मिस्त्रीनं पुलर आवळायचा सोडून उलटा सैल केला आणि योक गार झाल्यावर त्यात तेल सोडून तो पुन्हा थोडा आत ठोकला. नानांना ते बघवेना. पण सुटलेल्या गंजाचा चुरा अजून खाचांतच होता. एकाच दिशेनं ओढत राहिलं की तो पुढं साचतो आणि योक अर्ध्या वाटेवर पहिल्यापेक्षा घट्ट बसतो. पुढं, मागं, तेल, पुन्हा पुढं. अखेर योक हातानंच निघाला. पुलर बाजूला पडून होता.

अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्रानं औचित्य हा रसाचा प्राण मानला. कोणतीही गोष्ट स्वभावतः सुंदर किंवा असुंदर नसते, ती योग्य ठिकाणी आहे का हे बघायचं, असा त्याचा रोख होता. ही कसोटी या कामाला चपखल लागते. इथं हातोडा वर्ज्य नव्हता, आगही वर्ज्य नव्हती, घाईसुद्धा नव्हती. प्रत्येकाची वेळ आणि जागा ठरलेली होती. पहिल्या दिवशी नानांनी मागितलेला टोला आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं दिलेला टोला वजनाला सारखेच असतील. पहिल्यासाठी वाट तयार नव्हती, दुसऱ्यासाठी खटका, तेल, ठोकाठोक, पुलर आणि आग यांनी ती तयार केली होती.

उत्तरार्धही तितकाच वाचनीय होता. तारेच्या ब्रशनं दांड्याच्या खाचा घासल्या, कडेला आलेले काटे त्रिकोणी कानशीनं उतरवले, पॉलिश पेपर फिरवला. योकमध्ये नवा क्रॉस बसवला, निपलमधून चारही वाट्यांत ग्रीस भरलं. खाचांवर ग्रीसचा पातळ हात दिला. जाड थापलेलं ग्रीस धूळ धरतं. योक दांड्यावर चढवून काढून पाहिला, एका हातानं, दोनतीनदा. शेवटी चढवला तेव्हा खटका आवाज करून पडला, आणि मिस्त्रीनं योक मागं ओढून तो खरंच पडलाय याची खात्री केली. मग तो योक पुन्हा उतरवून नानांच्या हातात दिला, कारण आता पीटीओवर कुट्टीच्या मशीनचा शाफ्ट चढायचा होता.

एवढ्या निर्दोष कामात एक उणीव राहिली, आणि रसिकानं ती झाकू नये. कुट्टीच्या मशीनच्या शाफ्टवर प्लॅस्टिकचं कव्हर नव्हतं. कव्हर फुटलं की काढून टाकायचं आणि नवं आणायचं नाही, असा या भागात जवळजवळ शिरस्ता आहे. स्वतःच्या बोटांसाठी चावी खिशात घालणाऱ्या मिस्त्रीनं दिवसभर त्या उघड्या शाफ्टाशेजारी वावरणाऱ्यांसाठी शब्द काढला नाही. त्यांच्यासाठी एक वाक्य बोलायला काही खर्च नव्हता. जोराची वाट इतकी नेमकी ओळखणाऱ्या माणसाकडून ही अपेक्षा जास्त नाही, कारण त्या वाटेत उद्या कोणाचा तरी सदरा येऊ शकतो.

बाकी त्याची बाजू भक्कम आहे. निघताना त्यानं नानांना ग्रीसचा डबा दाखवला. अवजार सोडलं की शाफ्ट काढायचा, खाचा पुसायच्या, ग्रीसचा हात द्यायचा, आणि क्रॉसला कामाच्या दिवशी रोज ग्रीसगन लावायची, एवढंच त्यानं सांगितलं. नानांनी ऐकलं तर हे गिऱ्हाईक या कामासाठी परत येणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तरी त्यानं सांगितलं. कामाची प्रत ठरवायला मला एवढा पुरावा पुरतो.